रेसबॉक्स मिनी: स्वतःची लॅप मोजायला उत्तम, विक्रमाशी ताडायला नाही

मोबाइलच्या जीपीएसवर लॅपची (ट्रॅकच्या एका फेरीची) वेळ काढणाऱ्यांनी आधी एक हिशेब करावा. मोटारसायकल रेसर पीटर हिकमनने २०२३ च्या आइल ऑफ मॅन टीटी ह्या बाइकशर्यतीत ६०.७२ किलोमीटरची फेरी १६ मिनिटे ३६.११५ सेकंदांत मारली. म्हणजे सेकंदाला जवळजवळ ६१ मीटर. मोबाइल साधारण सेकंदाला एकदाच जागा नोंदवतो, तेव्हा दोन ठिपक्यांमध्ये ६१ मीटर कोरेच. रेसबॉक्स मिनी ही बाइकवर बसवायची जीपीएसची डबी सेकंदाला २५ ठिपके घेते. त्याच वेगाला अडीच मीटरांवर एक. पैसे मोजायचे ते ह्यासाठी.

तरी मोबाइलच्या स्क्रीनवरच्या तिसऱ्या दशांशावरून पैजा लावू नका. अधिकृत वेळ ट्रान्सपाँडर (गाडीवरचा सिग्नल देणारा छोटा संच) देतो: ट्रॅकखाली पुरलेल्या तारेच्या लूपवरून गाडी गेली की नोंद पडते. जीपीएस दोन ठिपक्यांमधली वेळ अंदाजाने भरतो. म्हणूनच मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये स्टार्ट लाइन कुठे आखता हे महत्त्वाचे. जागा एक मीटर चुकली, तर ताशी १८० च्या सरळीवर ०.०२ सेकंदाचा फरक पडतो. ताशी ३६ च्या हेअरपिनवर (अगदी उलट फिरणाऱ्या वळणावर) तोच ०.१ होतो. लाइन सरळीच्या मध्यावर, ट्रॅकला काटकोनात आखा आणि दिवसभर हलवू नका, नाहीतर सकाळच्या लॅप दुपारच्यांशी जुळणार नाहीत.

डबी बाइकच्या टेलवर (मागच्या टोकावर), आकाश दिसेल अशी बसवा; सीटखाली सबफ्रेमच्या (सीट धरणाऱ्या सांगाड्याच्या) लोखंडाआड सिग्नल दबतो. आपल्या गोव्याच्या खाऱ्या दमट हवेत डबल टेप लवकर सुटतो. आधी स्पिरिटने पुसा, वर झिप टाय मारा. सुरू केल्यावर दोन-तीन मिनिटे उघड्यावर ठेवून मगच निघा.

गोव्यात बाइकसाठी कायमचा रेस ट्रॅक नाही, त्यामुळे खरा उपयोग कोइम्बतूरच्या कारी स्पीडवेसारख्या २.१ किलोमीटरच्या ट्रॅकवर. चोर्ला घाटात वेळ लावण्याचा आचरटपणा नको, आणि पणजीच्या अटल सेतूवर तर दुचाकीला प्रवेशच नाही. माडांखालच्या कार्टिंग ट्रॅकवर जीपीएसची रेघ वेडीवाकडी येते. तिथल्या आकड्यांवर विसंबू नये.

खरी किंमत वसूल होते ती सेक्टरच्या, म्हणजे ट्रॅकच्या एकेका तुकड्याच्या, तुलनेत. एकूण वेळ सारखी असली, तरी ब्रेक कुठे लवकर लागला हे वेगाच्या आलेखात लगेच दिसते. डबीला स्क्रीन नाही, सगळे ब्लूटूथवरून मोबाइलमध्ये. मोबाइल पिटमध्येच (ट्रॅकबाजूच्या थांब्यावर) ठेवणार असाल, तर आत मेमरी असलेले मिनी एस घ्या.