लाल पानापेक्षा रिकामी चौकट मोलाची: क्रोमच्या सुरक्षेचा अनुभव

गोव्यात मांद्रेला आमच्या घरामागे दोन खोल्या आहेत, त्या मी पर्यटकांना देते. चवथ झाली की बुकिंगची चौकशी सुरू होते आणि पैशांची ये-जाही. पाहुण्यांची आगाऊ रक्कम, बुकिंग साइटचे खाते, वीज खात्याचे बिल, बँक, सगळे लॅपटॉपवर क्रोममध्येच, म्हणजे गूगलच्या ब्राउझरमध्ये. म्हणून त्याची सुरक्षा नीट तपासून घ्यायचे मी मनावर घेतले.

सेटिंगमध्ये ‘गोपनीयता आणि सुरक्षा’ या भागात सुरक्षित ब्राउझिंग आहे, म्हणजे धोकादायक साइट उघडायच्या आधी इशारा देणारी सोय. साधे संरक्षण आधीपासून चालू असते. पूर्वी धोकादायक साइटांची यादी आपल्या संगणकावर उतरवून ठेवली जाई आणि 30 ते 60 मिनिटांनी ताजी होई. गूगलच्याच सांगण्यानुसार फसवी साइट सरासरी 10 मिनिटेही टिकत नाही, म्हणजे यादी पोचेपर्यंत चोर पसार. 2024 पासून साध्या संरक्षणातही तपासणी त्या क्षणीच होते, आणि पत्ता उघडा न पाठवता त्याच्या सांकेतिक रूपाचा एक तुकडा मधल्या सर्व्हरमार्फत जातो. हा बदल मला फार आवडला. 2020 मध्ये आलेले एन्हान्स्ड प्रोटेक्शन याच्या पुढचे आहे. त्यात साइटचा पत्ता आणि पानाचा थोडा नमुना गूगलकडे जातो, आणि यादीत नसलेले पानही संशयास्पद वाटले तर अडवले जाते. ही देवाणघेवाण ज्याने त्याने ठरवावी. पैशांचे व्यवहार होतात त्या लॅपटॉपवर मी ते चालू केले, फोनवर साधेच ठेवले. फायरफॉक्स आणि सफारीही गूगलचीच यादी वापरतात, एजमध्ये मायक्रोसॉफ्टचे स्मार्टस्क्रीन आहे. तेव्हा तुमचा ब्राउझर दुसरा असला तरी मूळ पहारा आहेच.

इशारा कसा दिसतो ते बघायला गूगलचे खास चाचणी-पान आहे, तिथून मी तो मुद्दाम आणून पाहिला. अख्खी स्क्रीन लाल होते, मागे फिरायचे बटण मोठे आणि ठळक, पुढे जायचा रस्ता मात्र ‘तपशील’ उघडल्यावर बारीक अक्षरात. घाईत असलेल्या माणसाचे बोट आपोआप मागे फिरण्याच्या बटणावर पडते. हे ज्याने आखले त्याला माणसाची घाई कळते.

पण माझ्या मते क्रोममधला खरा राखणदार दुसराच आहे, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. तो म्हणजे पासवर्ड मॅनेजर, साइटांचे पासवर्ड साठवून आपसूक भरणारा. ऐन हंगामात एक ईमेल आला: पाहुण्याने तक्रार केली आहे, चोवीस तासांत उत्तर द्या, नाहीतर तुमच्या खोल्या यादीतून काढू. दुव्यावरचे पान हुबेहूब आमच्या बुकिंग साइटसारखे, रंग तोच, लोगो तोच. एरवी तिथे माझे नाव आणि पासवर्ड आपसूक भरले जातात. त्या दिवशी चौकट रिकामीच राहिली. मग पत्ता वाचला, तर साइटच्या नावाला शेपटासारखा एक जादा शब्द जोडलेला. माझे डोळे लोगो बघत होते, पासवर्ड मॅनेजर फक्त पत्ता बघतो. म्हणून सांगते, पासवर्ड तिथेच साठवा आणि चौकट रिकामी दिसली की हाताने भरू नका, थांबा.

कुलपाच्या चिन्हावर विसंबणारे अजून पुष्कळ आहेत. कुलूप म्हणजे मधल्या वाटेवर कोणी ऐकत नाही एवढेच. पलीकडे कोण बसला आहे ते कुलूप सांगत नाही, आणि फसव्या साइटांकडेही ते असतेच. क्रोमने 2023 मध्ये पत्त्याच्या पट्टीतून ते काढून टाकले, ते बरेच केले. बँकेसाठी आता त्याहून भरवशाची खूण आहे: रिझर्व्ह बँकेने बँकांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत आपल्या साइट ‘डॉट बँक डॉट इन’वर न्यायला सांगितले होते. हे नाव फक्त बँकांनाच मिळते, म्हणून मी पत्त्याचे शेवटचे शब्द आधी वाचते.

जिथे ब्राउझर पोचतच नाही तिथे त्याचा उपयोग शून्य. मोठा ग्रुप घेऊन येणार म्हणून फोन करणारा ‘पाहुणा’ क्यूआर कोड पाठवतो, ‘स्कॅन करा, ॲडव्हान्स तुमच्या खात्यात येईल’ म्हणतो. पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन टाकला की पैसे जातात. तसेच व्हॉट्सॲपवर येणाऱ्या ‘वाहतूक चलन’ नावाच्या एपीके फाइलीचे, म्हणजे फोनवर ॲप बसवणाऱ्या फाइलीचे. ती उघडायचीच नाही. गेलेच पैसे तर आधी सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन, मग बाकी सगळे.

पाचपैकी चार तारे देते. एक कापला, कारण एन्हान्स्ड प्रोटेक्शन सेटिंगच्या इतके आत ठेवले आहे की शोधल्याशिवाय ते सापडत नाही. पेडण्याला बाबांच्या फोनवर मी क्रोमची भाषा मराठी केली, म्हणजे इशारा त्यांना स्वतःला वाचता येईल, माझ्या फोनची वाट बघायला नको. बँकेची साइट त्यांच्या बुकमार्कमध्ये घालून दिली आहे, मेसेजमधल्या दुव्यावरून ते ती उघडत नाहीत. तुमच्याही घरच्या वडीलधाऱ्यांच्या फोनवर एवढे दोन बदल आजच करून द्या.