जरीपटका घ्यायचा असेल तर शिवून घ्या, प्रिंटवाला नको

कोल्हापुरात भगवे झेंडे पायलीचे पन्नास मिळतात, महाद्वार रोडला गेलं की रांगच आहे, पण जरीपटका, म्हणजे मराठ्यांच्या लढाईतल्या निशाणाची प्रतिकृती, घरात मांडायला पाहिजे म्हटलं की खरी अडचण सुरू होते. आधी ऑनलाइन मागवला होता, वर्णनात 'ऐतिहासिक जरीपटका' आणि आलं काय तर पॉलिस्टरवर महाराजांचं चित्र, खाली घोषणा, आणि सोनेरी जरीच्या जागी नुसती पिवळी प्रिंट. मिरवणुकीला ठीक आहे ओ, पण जरीपटका म्हणजे भगवं कापड, त्याला जर, आणि टोकाला दोन शेपट्या. १७६१ ला पानिपतावर सदाशिवराव भाऊसाहेबांसोबत होता तो जरीपटका, त्याच्या नावानं काहीही विकलेलं मला बघवत नाही. परत पाठवला, पैसे मिळाले.

मग शिवाजी पेठेत झेंडे शिवणाऱ्या एका काकांकडं गेलो. त्यांनी पहिलं विचारलं, "लावणार कुठं, भिंतीला का काठीला?" काठीला असेल तर जर दोन्ही बाजूंनी लागते, काठी घालायला नेफा दुमडावा लागतो, भिंतीला एक बाजू चालते आणि खर्च बराच कमी होतो. झेंडा फाटतो तो दोन शेपट्यांच्या मधल्या खाचेत, तिथं त्यांनी आतून पट्टी लावून दुहेरी शिलाई मारली, हे मी सांगितलंही नव्हतं. काम लई भारी!

जरीचं पण सरळ सांगितलं. खरी जर म्हणजे चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा, ती परवडायची नाही, तांब्याची घेतली तर आपल्या पावसाळ्यात दमट हवेनं काळी पडते, म्हणून मी प्लास्टिकची जर घेतली. चमक जरा जास्त वाटते, पण काचेच्या फ्रेममध्ये चालून जाते. उन्हात मात्र लावू नका, भगवा रंग लवकर उडतो. फ्रेम करणार नसाल तर पैठणीसारखा मलमलच्या कपड्यात गुंडाळून ठेवा, डांबराच्या गोळ्या जरीला टेकू देऊ नका.

कापड सुती घेतलं, सॅटिनपेक्षा रंग खोल दिसतो. दिलेल्या तारखेपेक्षा उशीर झाला, गणपतीच्या आधी गेलात तर होणारच, तेव्हा त्यांच्याकडं मंडळांची गर्दी असते. आणि माप, जरीच्या पट्टीची रुंदी, शेपट्यांची लांबी कागदावर काढूनच द्या.