भावाचं लेकरू मांडीवर घ्यावं, संस्थेतून आणावं, की टेस्ट ट्यूब करावं?

लग्नाला आठ-दहा वर्षं होऊनही पाळणा हलला नाही, की आमच्या यवतमाळकडच्या गावांत पहिला सल्ला मिळतो तो भावाचं लेकरू मांडीवर घेण्याचा. हिंदू दत्तक कायदा, १९५६ त्याला पूर्ण मान्यता देतो. बौद्धांनाही तो लागू आहे. लेकरू १५ वर्षांच्या आतलं हवं, बायकोची संमती हवी आणि लेकराचं देणं-घेणं खरोखर व्हायला हवं. होम नसला तरी चालतं.

अडतं ते सातबाऱ्यावर. नोटरीच्या स्टॅम्प पेपरवर भागवलं, तर बाप गेल्यावर चुलते फेरफारावर हरकत घेतात आणि पोरगं साक्षीदार शोधत फिरतं. देणाऱ्या-घेणाऱ्यांच्या सह्यांचं दत्तकपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं असेल, तर कोर्ट दत्तक खरंच धरून चालतं. ते खोटं ठरवायचं ओझं हरकत घेणाऱ्यावर पडतं. एवढ्यासाठी तालुक्याची एक खेप जड समजू नका.

गोंड, कोलाम, कोरकू कुटुंबांनी मात्र जपून. हा कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही, आणि हे गावात कुणी सांगत नाही. त्यांच्यासाठी बाल न्याय कायदा, २०१५ आहे. तो सर्व धर्मांना खुला आहे. काका-मामांना नात्यातलं लेकरूही त्यातून घेता येतं.

संस्थेतलं बाळही याच कायद्याने, ‘कारा’ या केंद्र सरकारच्या दत्तक यंत्रणेच्या पोर्टलवर नोंदणी करून मिळतं. घरी चौकशी होते, २०२२ पासून अंतिम आदेश जिल्हाधिकारी देतात. वाट वर्षानुवर्षं पाहावी लागते. दोन वर्षांच्या आतलं बाळ हवं असेल तर नवरा-बायकोच्या वयांची बेरीज ८५ च्या वर चालत नाही, म्हणून नोंदणी आजच करा. त्या आदेशाने बाळ पुरतं तुमचं होतं. माझ्या मते तिन्हींत निश्चिंत वाट हीच.

टेस्ट ट्यूबसाठी २०२१ च्या कायद्याने बाईचं वय २१ ते ५०, पुरुषाचं २१ ते ५५ हवं. बीज दात्याचं असलं तरी मूल कायद्याने तुमचंच; दात्याचा हक्क उरत नाही. कागदाची काळजी इथे सर्वांत कमी, खात्री मात्र कुणीच देऊ शकत नाही. आधी तपासणी दोघांचीही करा, नुसती बाईची नको. आणि शेत विकून पुढचा प्रयत्न करू नका.

‘पैसे द्या, बाळ घेऊन जा, दवाखान्यात तुमचंच नाव लावतो,’ असं कुणी म्हणालं तर तिथून उठा. मूल विकत घेणाऱ्यालाही ५ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपये दंड आहे.