छर्रा न काढणारा दवाखाना

आमचा भुऱ्या बोका मागचा पाय उचलून धरत होता म्हणून एक्स-रे काढला, तर मांडीत एअरगनचा छर्रा! बाहेरची जखम कधीच भरून आलेली. पहिल्या दवाखान्यात फिल्म बघताक्षणी "उद्याच काढून टाकू" म्हणाले. नेमका कुठे रुतलाय, याचं उत्तर मात्र मिळेना. म्हणून दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं, आणि हा अभिप्राय त्यांच्या दवाखान्याबद्दल आहे.

बाईंनी आधी पाय हलवून, दाबून पाहिला. मग एक्स-रे पुन्हा घ्यायला लावला, एक बाजूने आणि एक समोरून. पहिल्या फिल्मवर छर्रा हाडाला चिकटल्यासारखा दिसत होता. दुसरी पाहिल्यावर कळलं की तो स्नायूत आहे, गुडघ्याच्या सांध्यापासून बराच लांब. सगळा निर्णय यावरच होता. स्नायूतल्या छर्ऱ्याभोवती शरीर घट्ट आवरण तयार करतं आणि बहुतेक वेळा तो तिथेच पडून राहतो. सांध्यातल्या द्रवात मात्र छर्ऱ्यातलं शिसं हळूहळू विरघळतं, पोटातल्या आम्लातही विरघळतं, आणि ते रक्तात उतरलं की विषबाधा. छर्रा अशा जागी असता किंवा तिथे पू झाला असता, तर त्यांनी ऑपरेशनच सुचवलं असतं. "इथे शोधायला गेले तर छर्ऱ्याने केली नाही एवढी चिरफाड मी करेन," असं त्या स्पष्ट म्हणाल्या. ऑपरेशन नको असं सांगणारा डॉक्टर मला फार मोलाचा वाटतो.

लंगडण्याचं कारण वेगळंच निघालं: तुटलेलं नख मुळाशी चिघळलं होतं. ते साफ केलं, औषध दिलं, आता पाय नीट टेकतोय.

छर्ऱ्याची नोंद भुऱ्याच्या फाइलवर ठळक केली आहे. पुढे कधी एमआरआय करायची वेळ आली तर आधी सांगायचं, कारण छर्रा पोलादाचा असेल तर तिथल्या चुंबकाने जागचा हलू शकतो. मांडीला सूज आली, गाठ लागली किंवा खाणं सुटलं तर लगेच आणायचं, हेही लिहून दिलंय.

खटकलं ते एकच. कुत्री आणि मांजरं एकाच खोलीत ताटकळतात. भुऱ्या पिंजऱ्यात थरथरत होता. मांजर नेणार असाल तर पिंजऱ्यावर चादर टाका आणि नंबर येईपर्यंत बाहेर थांबू द्या म्हणून सांगा, ते देतात.