जुन्या घरात नवी पाइपलाइन: जीआय की सीपीव्हीसी?

दर्यापूरकडचा भाचा घर दुरुस्त करतोय, जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) की सीपीव्हीसी (प्लॅस्टिकचा) पाइप, हे ठरत नाही, म्हणून लिहितो. पूर्णा नदीकाठच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारं असलेल्या भागात, बोअरचं पाणी जीआयला आतून खातं. आधी आट्यांपाशी गंज, मग तांबूस पाणी, शेवटी धार करंगळीएवढी. सीपीव्हीसी गंजत नाही, अंघोळीचं गरम पाणीही सोसतो. खर्चही कमी. जोड मात्र सॉल्व्हंट सिमेंटचा (पाइप चिकटवायचा द्रव, बांधकामाचं सिमेंट नव्हे): पाइप कोरडा पुसायचा, बसवून घट्ट धरायचा, घाई केली की गळती ठरलेली. दुरुस्तीला करवत, तेच सॉल्व्हंट सिमेंट न् कपलर (दोन पाइप जोडणारा तुकडा) पुरतो; जीआयला आटे पाडणारा शोधा.

पण आपल्या उन्हात उघडा सीपीव्हीसी ठिसूळ होतो, बैलाचा धक्का तर सोसतच नाही. म्हणून भिंतीतली लाइन सीपीव्हीसीची. गोठ्यातला उभा नळ, पाणी गोडं असेल तर, जीआयचा. खारं असेल तर तिथंही सीपीव्हीसीच, सिमेंटच्या खांबात झाकून.