कुरकुर की उपकारस्तुती? नळ कोरडा असलेल्या दिवशी काय निवडावं

राकसकोप जलाशय तुडुंब भरल्याची बातमी येते आणि नेमका त्याच दिवशी आमच्या गल्लीतला नळ कोरडा असतो. पाणी आठव्या दिवशी येतं, तेही पहाटे चारला. बेळगावच्या काही वॉर्डांत 2008 सालापासून चोवीस तास पाणी आहे, हे आठवलं की जिवाचा आणखीच संताप होतो. घागरी घेऊन उभं असताना तोंडातून पहिला शब्द कुठला निघणार, एवढंच तेव्हा आपल्या हातात असतं.

बायबलमध्ये प्रेषित पौलाने फिलिप्पैच्या मंडळीला लिहिलं, सगळं काही कुरकुर न करता करा (2:14). थेस्सलनीकाकरांना लिहिलं, सर्व स्थितीत उपकारस्तुती करा, म्हणजे देवाचे आभार माना (पहिले पत्र, 5:18). रविवारी मंदिरात या दोन्ही वचनांना आपण मनापासून आमेन म्हणतो. खरी निवड सोमवारी असते. मी दोन्ही वाटांनी चालून पाहिलंय, त्या अनुभवावरून लिहिते.

कुरकुरीच्या बाजूने एक गोष्ट कबूल करायला हवी. तिच्यात सोबत असते. नळावर चार बायका जमल्या की एकीने सुरुवात करायची आणि बाकीच्यांनी पुढे न्यायचं. मन खरोखर हलकं होतं. पण ते हलकेपण चहा होईपर्यंतच टिकतं. नंतर तोच सूर घरात येतो, मुलाच्या डब्यावरून, नवऱ्याच्या टॉवेलवरून. दुसऱ्या रेल्वे गेटवर मालगाडीसाठी दहा मिनिटं थांबावं लागलं, तर ती दहा मिनिटं ऑफिसात पोचल्यावरही संपत नाहीत.

शिवाय कुरकुर आठवणीसुद्धा बदलून टाकते. बायबलमधल्या गणना या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात, मिसराच्या गुलामीतून सुटलेले इस्राएल लोक मान्ना, म्हणजे देवाने रानात दिलेलं अन्न, खाऊन कंटाळले. त्यांना मिसरातले मासे, काकड्या, खरबुजं, कांदे, लसूण आठवले. मासे तर म्हणे फुकट मिळत होते! पाठीवरचा चाबूक मात्र कुणालाच आठवला नाही. आपल्याकडेही 'पूर्वीच्या बेळगावात पंखा लागत नव्हता' असं म्हणताना गारवा आठवतो, आणि विहिरीवरून खेपा घालून वाकलेली आजीची कंबर विसरते.

माझ्या लेखी कुरकुरीचा सगळ्यात मोठा तोटा मात्र वेगळा आहे. ज्याने ऐकायला हवं, त्याच्या कानावर ती कधी जातच नाही. आमच्या गल्लीत वर्षभर पाण्यावर बोलणं झालं आणि एकही अर्ज गेला नाही.

आता उपकारस्तुती. सुरुवातीला ती खोटी वाटते, पहाटे चारला तर फारच. जबरदस्तीने 'देवा, तुझे आभार' म्हटलं की आपलाच आवाज परका वाटतो. मला उपयोग झाला तो एका साध्या सवयीचा. जे मिळालं ते कुणाच्या हातून मिळालं, तो माणूस शोधायचा. एकदा पाऊस कोसळत असताना कोपऱ्यावर पाणी सोडणारा दिसला. डोक्यावर प्लास्टिकची पिशवी, दातांत बॅटरी, आणि लांब लोखंडी चावी दोन्ही हातांनी रेटून तो व्हॉल्व्ह फिरवत होता. चावी दोनदा निसटली. इतकी वर्षं ज्याच्या नावाने आम्ही बोटं मोडली, त्याला मी पहिल्यांदाच नीट पाहिलं. त्या दिवशी प्रार्थनेत शब्द शोधावे लागले नाहीत.

पण या वाटेवर एक धोका आहे, आणि त्याबद्दल मी गप्प बसणार नाही. काही जण उपकारस्तुतीचा वापर दुसऱ्याचं तोंड बंद करायला करतात. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला 'देवाचे उपकार मान, छप्पर तरी आहे' असं सांगणं हा त्या वचनावरच अन्याय आहे. दावीद 142 व्या स्तोत्रात परमेश्वरापुढे आपलं गाऱ्हाणं मोकळेपणाने मांडतो. गाऱ्हाणं आणि कुरकुर एक नव्हे. गाऱ्हाणं ऐकणाऱ्याच्या तोंडावर मांडतात, कुरकुर त्याच्या पाठीमागे चालते.

बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायाने हे मला शिकवलं, आणि आपण सीमाभागातल्या माणसांनी तो जरा थांबून वाचावा. यरुशलेमेच्या मंडळीत ग्रीक बोलणाऱ्यांची तक्रार होती की रोजच्या वाटणीत आमच्या विधवांना डावललं जातं. तिथेही शब्द कुरकुर हाच आहे. प्रेषितांनी त्यांना 'उपकार माना' असं सांगून परत पाठवलं नाही. सगळ्यांना बोलावलं, सात माणसं निवडून घेतली, आणि त्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत. आपली भाषा वेगळी म्हणून कागद समजत नाही, खिडकीवर ताटकळावं लागतं, हे दुःख बायबलला माहीत आहे.

म्हणून कुणी मला विचारलं तर मी उपकारस्तुती निवडायला सांगेन, आणि तिच्यासोबत गाऱ्हाणंही. क्रम मात्र तोच ठेवावा. आधी उपकार मानले की कुणाशी भांडायचं नाही, हे कळतं. पाणी सोडणाऱ्याला चहा दिला तेव्हा त्यानेच सांगितलं की वरच्या चौकात पाइप फुटलाय, अर्ज आला तर काम लवकर लागेल. अर्ज कन्नडमध्ये हवा होता आणि आमच्यात कुणाला धड लिहिता येईना. समोरच्या घरातली कॉलेजात जाणारी मुलगी कन्नडच बोलते. ती म्हणाली, "अक्का, मी लिहून देऊ काय?" पायरीवर बसून तिने लिहिला, अकरा घरांनी सह्या केल्या.

तीन आठवड्यांनी पाइप दुरुस्त झाला. पाणी अजून आठव्या दिवशीच येतं, पण आता दुसऱ्या मजल्यापर्यंत चढतं. यंदा नाताळात करंज्यांचा पहिला डबा समोरच्या घरी गेला.