ससा खात नाही आणि रात्र झालीय: घरी थांबावं, जवळचा दवाखाना गाठावा की लांब जावं?

घोडबंदर रोड असो की घणसोली, कुत्र्या-मांजरांचे दवाखाने सहज सापडतात. सशांवर उपचार करायचा अनुभव असलेला डॉक्टर मात्र शोधावा लागतो. ससा दहा-बारा तास खात नसेल आणि लेंड्याही बंद असतील, तर आतडं मंदावलेलं असतं. त्यातून गॅस होतो, गॅसने दुखतं, दुखतं म्हणून ससा आणखी खात नाही.

आधी तापमान बघा. मऊ टोकाच्या डिजिटल थर्मामीटरला व्हॅसलीन लावून तो गुदद्वारात सेंटीमीटरभर घाला. 38.5 ते 40 अंश सेल्सिअस ठीक. मग पोट चाचपा.

तापमान ठीक, पोट मऊ, ससा सावध आणि दवाखाना उघडायला चार-पाच तासच उरलेत, तरच घरी थांबा. पेलेट (सशाच्या तयार खाद्याच्या गोळ्या) कोमट पाण्यात भिजवून पातळ घोटा. एका वेळी किलोमागे 10 मिली पुरे. सुई काढलेली सिरिंज पुढच्या दातांमागे बाजूने सरकवून अर्धा-अर्धा मिली द्या, गिळल्यावरच पुढचा. उताणा धरून भरवलं तर फुप्फुसात जातं. पोट ढोलकीसारखं ताठ असेल तर काहीच भरवू नका. आत अडथळा असू शकतो. गॅससाठी बाळांचे सिमेथिकोनचे थेंब चालतात, पण बाटलीवर डायसायक्लोमिन लिहिलेलं असेल तर ती परत ठेवा. त्याने आतडं आणखी मंदावतं.

जवळचा कुत्र्या-मांजरांचा दवाखाना लोक उगाच टाळतात. कातडीखाली कोमट सलाईन, वेदनेचं इंजेक्शन आणि सोय असेल तर एक्स-रे, एवढं तिथे होऊ शकतं. रात्र काढायला बहुतेकदा तेच लागतं. धोका औषधांचा असतो. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन तोंडावाटे दिलं की सशाच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि ससा दगावू शकतो. गोचिडांचा फिप्रोनिल स्प्रेही नको. हे आत शिरतानाच सांगा. ‘उपाशी ठेवा’ हा सल्लाही कुत्र्यांसाठीचा, उलटी होऊ नये म्हणून. सशाला उलटी होतच नाही. भुंकणाऱ्या रांगेत बसण्याऐवजी नंबर लावून पिंजरा झाकून बाहेर थांबा.

लांबचा, ससे बघणारा डॉक्टर कारण शोधायला हवा. हनुवटी ओली, लाळ गळतेय, गवत तोंडात घेऊन टाकतोय, म्हणजे दाढा वाढल्याची शक्यता मोठी. त्या घासायचं काम भूल देऊन, दिवसा, ठरवून करायचं. पण 38 च्या खाली गेलेला गार ससा घेऊन थेट परळच्या बैलघोडा हॉस्पिटलकडे (मुंबईतलं प्राण्यांचं मोठं रुग्णालय) निघू नका. कोमट पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून त्याला टेकवा, आधी जवळच्या दवाखान्यात न्या, तिथला एक्स-रे घेऊन मग पुढे. पोट ताठ असेल तर सकाळची वाट बघायची नाही, हाच क्रम रात्रीच.

लांबच्या डॉक्टरला फोन करताना ‘ससा बघता का’ एवढंच विचारून भागत नाही, कारण उत्तर बहुतेकदा ‘हो’च येतं. सशाला भूल देऊन दाढा घासता का, आणि भुलीआधी किती तास उपाशी ठेवायला सांगता, हे विचारा. रात्रभर उपाशी ठेवा म्हणाले, तर दुसरा नंबर लावा.